आधी डोकं, मग केस

बयो, हिंजवडीला राहायला गेल्यापासून तुझं एकच गाऱ्हाणं चाललंय. केस धुतले तरी चिकट लागतात, वाळले की राठ होतात, न्हाणीघराच्या जाळीवर पुंजके साठतात. आणि उपाय काय, तर दर महिन्याला नवी बाटली. बाटलीत खोट नाही गं. तू केस धुतेस आणि डोकं धुवायचं राहून जातं.

माझ्या सासूबाई शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, पण हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "मुळाशी चोळ, शेंड्यांना नुसतं पाणी दाखव," म्हणायच्या. पुढे तीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवताना मला त्यामागचं कारण सांगता आलं, एवढंच. घाम येतो तो डोक्याच्या कातडीला. तेल सुटतं तेही तिथूनच, प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतून. धूळ चिकटते ती त्या तेलाला. शेंड्यांना ना घाम येतो, ना तेल सुटतं. मुळाशी घातलेला फेस पाण्याबरोबर खाली ओघळतो, तेवढ्याने लांबीवरचे केस धुऊन निघतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे तुझे कमरेपर्यंतचे शेंडे पाच-सहा वर्षांचे आहेत. इतक्या जुन्या लुगड्याला कोणी धोपटण्याने बडवतं का? तू मात्र सगळा बुचका डोक्यावर गोळा करून खसाखसा घासतेस. मी पाहिलंय गेल्या दिवाळीला.

तर पहिल्यापासून सांगते.

न्हायला जाण्याआधी, केस कोरडे असताना, विंचरून घे. शेंड्यांपासून सुरुवात करायची आणि गुंता सोडवत वर वर यायचं. वरून फणी ओढलीस तर सगळा गुंता एका गाठीत जमतो आणि तिथेच केस तुटतात. गळायला आलेले केस या वेळी फणीत निघून येतात, जाळीवर जात नाहीत. डोक्यावर लाखभर केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणं अगदी रीतीचं आहे. तीन दिवसांनी न्हालीस की अडकून राहिलेले सगळे एकदम जाळीवर दिसतात आणि तू मला रात्री साडेदहाला फोन करतेस. न्हाण्याने केस गळत नाहीत. गळलेले असतात, ते दिसतात.

मग पाणी. कोमट, मनगटावर घेतलं तर गरम न वाटणारं. बंबातलं कढत पाणी थंडीत पाठीला बरं वाटतं, डोक्याला नाही. कातडी कोरडी पडते आणि मग खाज सुटते. आधी नुसत्या पाण्याने डोकं चांगलं भिजू दे. वरवर ओलं करून लगेच शाम्पू लावायची सगळ्यांना घाई असते. कंबरभर केस मुळापर्यंत भिजायला तीन-चार तांबे लागतात. बोटं घालून मुळं उघडी कर, नाहीतर वरून पाणी वाहून जातं आणि आत टाळू कोरडाच राहतो.

शाम्पू तळहातावर घेऊन थेट टाळूवर थापायचा नाही. एका ठिकाणी गोळा बसतो, बाकी डोकं तसंच राहतं, आणि मग 'फेस होत नाही' म्हणून आणखी ओतला जातो. तांब्यात दोन बोटं पाणी घे, त्यात चमचाभर शाम्पू घालून हाताने हलव, आणि ते पाणी भांगाभांगातून मुळाशी सोड. बाटली दुप्पट दिवस पुरेल, हा वरचा फायदा.

चोळायचं बोटांच्या पेरांनी. नखं लावायची नाहीत. डोक्यावर ओरखडे पडले की तिथे आग होते, पुळ्या येतात, आणि आपण म्हणतो शाम्पू मानवला नाही. बोटं कपाळाच्या कडेला टेकव, कातडी हाडावर हलली पाहिजे इतपत दाब दे, आणि सावकाश मागे ने. तीन जागा हमखास राहतात: कानांमागची घडी, मानेवरची खळगी आणि जिथे अंबाडा किंवा क्लिप बसते ती जागा. तू हेल्मेट घालतेस, तर तुझ्यासाठी चौथी जागा कपाळाची कड. पुळ्या तिथेच येतात ना?

आणि नंतर धुणं. लावायला जेवढा वेळ घेतलास त्याच्या दुप्पट काढायला घे. मान खाली घालून न्हालीस तर मानेवरचा भाग धुतला जात नाही, म्हणून शेवटचे दोन तांबे मान वर करून घ्यायचे. ओघळणारं पाणी ओंजळीत धर. बोटांना बुळबुळीत लागलं तर अजून शाम्पू आहे. तुझ्या आईच्या लहानपणी केस करकर वाजले की न्हाणं झालं असं समजायचे. मला ते पटत नाही. करकर वाजणारा केस म्हणजे अंगचं सगळं तेल गेलेला केस.

तेल लावलं असेल तरच दुसऱ्यांदा शाम्पू, एरवी एकदाच. कंडिशनर लावतेस ते मुळांना लावू नकोस, कानाच्या खाली लाव. केस चिकट लागतात त्याचं निम्मं कारण इथे आहे.

उरलेलं निम्मं कारण तुमच्या पाण्यात आहे. तुमच्या सोसायटीत टँकर येतो आणि बोअरचं पाणी चालतं, हे तूच सांगितलंस. बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो का? नळाची तोटी खरखरीत झालीय का? तर पाणी जड आहे. एक रिकामी बाटली घे, अर्धी भर, अंगाच्या साबणाचा कीस टाक आणि जोराने हलव. फेस न होता दह्यासारखी कणी तरंगली तर शंकाच नको. पाण्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमशी साबणाची गाठ पडली की न विरघळणारा साका होतो आणि तो केसांवर बसतो. म्हणूनच सांगते, ती शिकेकाईची वडी टाकून दे. वडीवर शेंगेचं चित्र असलं तरी आतून तो साबणच. आपल्या कातडीचा सामू साधारण साडेपाच, म्हणजे किंचित आम्ल. साबणाचा नऊ-दहा. वर तुमचं जड पाणी. मग केस दोरखंडासारखे होतील नाहीतर काय? शाम्पूचा जड पाण्यात साका होत नाही, एवढा त्याचा मोठा गुण आहे, आणि तो मी म्हातारी असूनही मान्य करते.

बाकी न्हाणं बोअरच्या पाण्यावर होऊ दे. शेवटचे दोन तांबे मात्र पिण्याच्या फिल्टरचे घे. त्यात लिंबाचे चार थेंब चालतील, पण चारच, आणि फोड थेट टाळूवर घासायची नाही. आग होते आणि तशीच उन्हात गेलीस तर कातडीवर डाग पडतात. पाणी उकळून गार करून वापरलं तरी थोडा फरक पडतो, कारण जडपणातला काही भाग उकळल्यावर तळाशी बसतो. सगळा नाही बसत.

आमच्या कोकणात याची गरजच पडत नसे. आषाढात पागोळ्यांखाली हंडे लावलेले असायचे. पहिल्या दोन-तीन सरी कौलांवरची घाण धुऊन काढायच्या, ते पाणी माडांना जायचं. नंतरचं पाणी न्हाण्याला. पावसाच्या पाण्यात क्षार नसतात, त्यामुळे मूठभर शिकेकाईत चौघींची डोकी निघायची. न्हाऊन आलेल्या बायका पडवीत केस सोडून बसायच्या. वाळायचे मात्र नाहीत लवकर. मग शेगडीवर ऊद टाकून टोपलीखालून केसांना धुरी. वास छान यायचा, पण त्याने केस स्वच्छ होतात असं काही नाही. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवायची पद्धत तर मी आमच्या घरात बंद केली. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, कळत नाही आणि माणूस जातो.

आता शिकेकाई. तू विचारलंस म्हणून, आणि मला आवडतं म्हणूनही, नीट सांगते.

तयार पूड आणू नकोस. त्यात काय दळलंय ते कळत नाही, आणि पूड कितीही बारीक असली तरी कण केसांच्या मुळाशी अडकतात आणि दोन दिवस डोक्यातून भुसा पडतो. शेंगाच आण, पुण्यात काष्ठौषधीच्या कुठल्याही जुन्या दुकानात मिळतील. शेंग तांबूस-तपकिरी, सुरकुतलेली, वाकवली तर कट्कन मोडणारी हवी. बारीक भोकं असतील तर कीड आहे. मोडून आतल्या बिया काढून टाक. फेसाचं सत्त्व सगळं टरफलात असतं. रिठ्याचंही तसंच. वरचं साल कामाचं, आतली काळी चकचकीत बी नुसती शोभेची. त्या बियांनी आम्ही सागरगोट्यांसारखं खेळायचो.

तुझ्या केसांना एका न्हाण्याला दहा-बारा शेंगा, चार रिठे, मूठभरापेक्षा थोडी कमी आवळकाठी आणि चमचाभर मेथी पुरे. वास हवा तर एक-दोन तुकडे कपूरकाचरी, थोडा नागरमोथा. रात्री तीन-चार तांबे पाण्यात भिजत घाल. लोखंडी कढईत भिजवलंस तर आवळ्यामुळे पाणी काळं पडेल, घाबरू नकोस. काळ्या केसांना ते चालतं. माझ्या पांढऱ्या केसांवर मात्र मळकट झाक येते, म्हणून मी स्टीलचं पातेलं घेते. सकाळी मंद आचेवर ठेवून पाणी निम्म्यावर आण. डोळा ठेव, रिठ्याचा फेस दुधासारखा उतू जातो आणि ओटा चिकट होतो. गार झालं की हाताने कुस्कर. टरफलं मऊ, बुळबुळीत होतात, बोटांतून निसटतात. तपकिरी, दाट, आंबूस वासाचं पाणी सुटतं. ते जुन्या मलमलच्या फडक्यातून पिळून गाळ. चाळणीने भागत नाही. मेथीचा बुळबुळीतपणा फडक्यातून खाली उतरतो, तो हवाच, त्याने केस सुटसुटीत राहतात.

हे पाणी डोक्यावर घातल्यावर शाम्पूसारखे ढग येणार नाहीत. थोडा फेस येईल आणि बसेल. फेस कमी म्हणजे मळ कमी निघतो असं नाही. रिठा-शिकेकाईत सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, ते तेलाला धरतं आणि पाण्याबरोबर काढून नेतं. शाम्पूचंही काम साधारण त्याच रीतीने चालतं. फरक एवढाच की शिकेकाईचं पाणी आंबट, त्यामुळे केस फुगत नाहीत. पण एक ऐक: झाडाचं आहे म्हणून सौम्य असं समजू नकोस. रिठा जास्त झाला तर शाम्पूपेक्षा राठ करतो. आणि डोळ्यांत गेला तर! भावंडांपैकी एकाचा तरी हंबरडा फुटल्याशिवाय आमचा रविवार जायचा नाही. मान मागे टाकून, डोळे मिटून घालायचं. गेलंच डोळ्यांत, तर चोळायचं नाही, गार पाण्याने धूत राहायचं. लहान मुलांना रिठा नकोच.

उरलेलं पाणी बाहेर ठेवलंस तर दुसऱ्या दिवशी आंबतं. फ्रिजमध्ये दोन दिवस, त्यापुढे नको. एक दिवस हौसेने करशील आणि पुढच्या शनिवारी ऑफिसचं काम निघेल, हे मला माहीत आहे. तेव्हा साधा शाम्पू घे. मी काही त्यावरून रागावणार नाही. शिकेकाईची पूड दळायची म्हटलं की आमचा गिरणीवाला नाकाला फडकं बांधायचा आणि सगळ्यात शेवटी दळायचा. अर्धी गल्ली शिंकायची. इतक्या उस्तवारीची वस्तू रोजची होऊच शकत नाही.

जास्वंदीची पानं मिळाली तर ठेचून, पाण्यात कोळून, गाळून घे. केस मऊ होतात. मळ मात्र त्याने फारसा निघत नाही. मुलतानी माती, अंडं, बेसन असले प्रयोग कंबरभर केसांवर करू नकोस, दोन दिवस काढत बसशील. अंडं लावून कढत पाणी घेतलेल्या एका मुलीच्या केसांतून तिच्या आईने काय काय वेचलं ते विचारू नकोस. आणि नरकचतुर्दशीला उटणं अंगाला लावायचं, डोक्याला नाही.

तेलाचं तू विचारलंस की लावू का नको. लाव, पण न्हाण्याआधी, आणि चपचपून नाही. केस पाण्यात फुगतो आणि वाळताना आकसतो. सारखं असं झालं की कमकुवत होतो. खोबरेल केसाच्या आत थोडं शिरतं, त्यामुळे फुगणं कमी होतं. 2003 मध्ये मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातलं प्रथिन धुऊन जाणं फक्त खोबरेलाने कमी झालं. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेव. पण रसायनाच्या अंगाने पाहिलं तर म्हणणं बरोबर आहे, त्यातलं लॉरिक आम्ल सरळ आणि आटोपशीर रेणूचं असतं, म्हणून आत जातं. तासभर आधी, तळहातावर दोन चमचे घेऊन लांबीला लाव, शेंड्यांना जरा जास्त. टाळूवर बोटांना राहिलेलं तेवढंच. रात्रभर ठेवायची गरज नाही, उशीचा अभ्रा तेवढा खराब होतो.

किती दिवसांनी न्हायचं? आमच्या वेळी वार बघायचे. अमुक वारी न्हायचं, तमुक वारी नाही, अमावास्येला तर नाहीच. पण खरी अडचण पाण्याची आणि लाकडांची असायची. विहिरीवरून शेंदून आणायचं, बंब पेटवायचा, घरात सात बायका. रोज कोण न्हाणार? तुझ्याकडे गीझर आहे आणि तू रोज तासभर हेल्मेटमध्ये असतेस. आठवड्यातून दोनदा-तीनदा न्हा. डोकं तेलकट असेल तर त्याहून जास्त वेळाही चालेल, वार कुठलाही असो. खाज सुटेपर्यंत थांबणं यात कसला सोवळेपणा?

न्हाऊन झाल्यावर केस पंचाने झटकायचे नाहीत. आम्ही झटकायचो, फटाफट आवाज यायचा, तुषार उडायचे, आणि शेंडे दुभंगायचे. ओला केस ताणला की कोरड्यापेक्षा जास्त लांबतो आणि तुटतो. जुना सुती पंचा गुंडाळून दहा मिनिटं बस, टिपून घे, मग सुटे सोड. बारीक फणी ओल्या केसांत घालायचीच नाही. तुझ्या मैत्रिणीचे केस कुरळे आहेत, तिचं उलट: तिने कंडिशनर असतानाच, रुंद दात्यांच्या कंगव्याने सोडवावेत, कारण वाळल्यावर विंचरले तर तिचं डोकं पिंजारतं. ओल्या केसांचा अंबाडा मात्र कोणीच घालू नये. आत ओल राहते, वास येतो.

कोंड्याचं वेगळं आहे. कोंडा झाला की घरातली प्रत्येक बाई तेल लाव म्हणते, आणि तेच करायचं नाही. त्यामागे कातडीवरचा एक बुरशीवर्गातला सूक्ष्म जंतू असतो, मालासेझिया म्हणतात. तो तेलावरच जगतो. पापुद्रे तेलाने बसल्यासारखे दिसतात, दोन दिवसांनी दुप्पट उठतात. औषधांच्या दुकानात दोन टक्के कीटोकोनॅझोलचा शाम्पू मिळतो. आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. लावून लगेच धुऊन टाकलास तर पैसे पाण्यात. तीन ते पाच मिनिटं टाळूवर राहू दे. महिन्याभरात उतार पडला नाही, जाड खवले दिसले, पू आला किंवा नाण्याएवढी चकती पडली, तर माझ्याकडे नको, कातडीच्या डॉक्टरकडे जा. ताप येऊन गेल्यावर किंवा बाळंतपणानंतर दोन-चार महिन्यांनी केस मुठीने जातात, तेव्हाही शाम्पूला दोष देऊ नकोस. ते बहुतेक वेळा परत येतात.

तुझ्या वहिनीने बाळाच्या टाळूवरच्या पिवळ्या खपलीचं विचारलं होतं. तिला सांग, थोडं तेल लावून अर्धा तास ठेवायचं, मऊ ब्रशने हलकेच सोडवायचं, मग बाळाच्या शाम्पूने धुवायचं. नखाने उचकटायची नाही. आपोआप जाते.

आणि धाकटी शाळेतून उवा घेऊन आली म्हणून तिची आई रोज डोकं धुतेय म्हणे. धुण्याने उवा जात नाहीत, आणि मळक्या डोक्यातच होतात असंही नाही. डोक्याला डोकं लागलं की पुरे. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर लावून बारीक दात्यांच्या फणीने बटा-बटांनी काढायचं, दर वेळी फणी पांढऱ्या कागदावर पुसायची. लिखांतून सात ते दहा दिवसांत उवा बाहेर पडतात, म्हणून एकदा करून थांबायचं नाही. दर तीन-चार दिवसांनी, दोन-तीन आठवडे. औषध लावलं तरी आठ-दहा दिवसांनी परत. रॉकेल अजिबात नाही. घरातल्या सगळ्यांची डोकी एकाच दिवशी बघायची, बापाचंसुद्धा.

राहता राहिली तुझी फणी. मागे मी तिकडे आले होते तेव्हा आरशापाशी पाहिली, दात्यांच्या बुडाशी करडं मेण साठलं होतं. स्वच्छ डोक्यात तेच परत जातं. पंधरा दिवसांनी कोमट पाण्यात चमचाभर शाम्पू घालून अर्धा तास बुडव, जुन्या टूथब्रशने घास. उशीचा अभ्रा आठवड्याला, हेल्मेटच्या आतलं अस्तर सुटत असेल तर तेही धू. या खेपेच्या शेंगा मी इथून पाठवते, तुझा मामा येत्या रविवारी येणार आहे. रिठे तेवढे तिथेच घे, इथले यंदा किडलेले आलेत.